कपाळाला विभूती, नाव युसूफ

लातूरला माझी बदली झाली तेव्हा खोली शोधता शोधता माझ्या नाकी नऊ आले. नवरा नांदेडला नोकरीला, पोरं सासूजवळ, आणि मी पोस्टातली कारकून एकटी लातुरात. एकट्या बाईला खोली द्यायची म्हटलं की घरमालक उलटतपासणीच घेतात. जात विचारतात, मटण शिजवता का विचारतात, नवरा कुठं असतो ते तीन-तीनदा विचारतात. मी सगळी उत्तरं पाठ करून हिंडत होते. चौथ्या घराचं दार उंच, वाळक्या अंगाच्या एका म्हाताऱ्यानं उघडलं. कपाळावर विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी, खांद्यावर टॉवेल. म्हटलं, आता पहिला प्रश्न मटणाचाच येणार.

"गाव कंचं?"

"लोहा. नांदेड जिल्हा."

"लोह्यात युसूफ नावाचं कोणी हाय का?"

मी चाटच पडले. म्हटलं, ही काय भानगड? जपून बोलले, "आमच्या गल्लीत एक टेलर आहेत. युसूफचाचा."

"हायत अजून? बरं हायत?"

"हो, आहेत की."

"नाव कोणी ठिवलं त्यांचं? आज्यानं, का मौलवीनं, का आईनं?"

"अहो, मला काय माहीत? मी त्यांच्याकडं ब्लाऊज शिवायला टाकायचे, जन्माची कहाणी नाही विचारली."

म्हातारा खुदकन हसला. "इचारून सांगा. घाई न्हाई. खोली तुमची झाली."

चावी घेऊन बाहेर आले आणि दाराशेजारची पाटी वाचली. "युसूफअप्पा" आणि पुढं एक अस्सल लिंगायत आडनाव. आडनाव मी इथं सांगणार नाही, त्यांच्या मुलाला ते आवडायचं नाही आणि त्या बिचाऱ्यानं या नावापायी आधीच पुष्कळ सोसलंय. नाव मात्र सांगावंच लागतंय, कारण त्या नावाशिवाय अप्पांविषयी बोलताच येत नाही. अप्पांना जाऊन आता दोन वर्षं झाली. त्या खोलीत मी नऊ वर्षं काढली आणि नऊ वर्षांत असा एक दिवस गेला नाही की त्या घरात कुठल्या ना कुठल्या युसूफचा विषय निघाला नाही.

अप्पा एसटीत कंडक्टर होते. निलंगा, उदगीर, नांदेड, माहूर अशा सगळ्या रूटवर त्यांनी आयुष्यभर घंटी ओढली. कंडक्टर कुणाचं नाव विचारत नाही, पण पोरांच्या पासवर नाव असतं. पासवर युसूफ दिसला की अप्पा त्याला खिडकीची जागा द्यायचे. बरोबरचे ड्रायव्हर वैतागायचे, कारण एखाद्या फाट्यावर गाडी थांबली की अप्पा खाली उतरून पानटपरीवर चौकशी करून यायचे, "या गावात युसूफ हाय का हो?" असला तर त्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव आणि नाव कसं पडलं ते सगळं एका दोनशे पानी वहीत. रिटायर झाल्यावर तर काय, रानच मोकळं. म्हाताऱ्यांना एसटीत सवलत मिळते, ती देवदर्शनाला वापरतात लोक. अप्पांनी ती या नावाच्या मागं हिंडायला वापरली.

बीड जिल्ह्यात केजकडं युसूफवडगाव नावाचं गाव आहे. वर्षातून एकदा अप्पा तिथं जायचे. तिथं ना त्यांचं कोणी नातेवाईक, ना काही काम. स्टँडवर उतरायचं, गावाच्या नावाच्या पाटीला हात जोडायचे, एक चहा प्यायचा आणि मिळेल त्या गाडीनं परत यायचं. मी एकदा चिडून विचारलं, "अप्पा, एवढ्या उन्हातान्हात फक्त पाटी बघायला?"

"तुमी नरसीला जाता, औंढ्याला जाता, तितं दगुडच बगता ना?" अप्पा म्हणाले. "मी पाटी बगून राहिलो."

मी कपाळाला हात लावला आणि त्यांना ताक करून दिलं.

आता एका लिंगायताच्या घरात हे नाव आलं कुठून, ते सांगते. अप्पांच्या आईला, म्हणजे अव्वाला, पहिली तीन लेकरं झाली आणि तिन्ही बारशाच्या आत-बाहेर गेली. चौथ्या वेळी ती पोटुशी असताना कुणीतरी तिला निलंग्याकडच्या एका खेड्यातल्या दर्ग्यावर नेलं. आपल्या मराठवाड्यात याचं कुणाला नवल वाटत नाही. घरोघरी पीराजी आहेत, फकीरराव आहेत. तिथला पीर युसूफ. मुजावरानं तिच्या दंडाला धागा बांधला आणि सांगितलं, पोरगा झाला तर तो पीराचा, त्याला पीराच्या नावानं हाक मारायची. पोरगा झाला. पाळण्यात रीतीप्रमाणं आत्यानं कानात "शिवलिंग" म्हटलं, पण त्या दिवसानंतर त्या नावानं त्याला कुणी हाक मारली नाही. शाळेत घालायला गेली तेव्हा मास्तरांनी अव्वाला नाव विचारलं. तिनं रोजचं सांगितलं, मास्तरांनी लिहून घेतलं. पहिलीच्या दाखल्यापासून पेन्शनच्या कागदापर्यंत तेच नाव चाललं.

"पण अप्पा, हे पीराचं नाव तरी कुठनं आलं?" एकदा मी विचारलं, आणि माझी ती अख्खी रविवारची दुपार गेली.

अप्पांनी मला त्यांच्या खोलीत नेलं. शाळेत टांगतात तसला जगाचा मोठा नकाशा भिंतीवर, आणि त्याच्यावर लाल पेन्सिलीचे गोलच गोल. मूळ माणूस हजारो वर्षांपूर्वीचा, तिकडं पश्चिमेकडचा. याकोबाचा अकरावा मुलगा. बापाचा लाडका, म्हणून भावांनीच जळून त्याला आडात ढकलला. "आडात, बाई! तेबी एका अंगरख्यापायी!" अप्पा हे असं सांगायचे की जणू ही भावकी शेजारच्या गल्लीतच राहते. मग तो विकला गेला, परमुलखात गेला, तुरुंगात गेला, आणि शेवटी राजाचा कारभारी झाला. सात वर्षं सुकाळ आणि सात वर्षं दुष्काळ पडणार हे त्यानं आधीच ओळखलं आणि धान्य साठवून सगळा मुलूख जगवला.

"म्हंजी आपल्या लातूरलाच पायजे होता का न्हाई हा माणूस?" अप्पा टाळी द्यायला हात पुढं करायचे. "आपल्याकडं पाणी साठवायला एक युसूफ मिळंना!"

ज्यूंनी ते नाव ठेवलं, ख्रिस्त्यांनी ठेवलं, मुसलमानांनी ठेवलं. एकदा लातूर-नांदेड गाडीत केरळची एक नर्स होती, तिच्या बापाचं नाव औसेफ. तेही हेच. गोव्यात जुझे. स्पॅनिश लोक होजे म्हणतात. जिथं जिथं ते लोक गलबतं घेऊन गेले तिथं त्यांनी गावांनाही तेच नाव दिलं. नातीनं, गौरीनं, फोनवर शोधून दिलेल्या गावांना अप्पा नकाशावर गोल करायचे. एका देशाची तर राजधानीच त्या नावाची निघाली तेव्हा घरी शिरा झाला होता.

"नाव म्हंजी एसटी हाय बाई," अप्पा म्हणायचे. "कोण बसलं, कोण उतरलं, तिला काय त्याचं? ती आपली गावोगाव जाती. मी चढलो निलंग्याला."

संध्याकाळी मी ऑफिसातून आले की जिन्यातच गाठायचे. "आज कुणी आला का?" म्हणजे पोस्टात कुठल्या युसूफचं टपाल आलं का? मी सांगायचे, "अप्पा, असं सांगता येत नाही, नियम असतो." मग ते आवाज बारीक करून म्हणायचे, "पत्ता नगा सांगू. फकस्त हाय का न्हाई तेवडं सांगा." मी मान हलवली की त्यांना कोण आनंद! ओळख ना पाळख, पण आज आपल्या नावाच्या माणसाला पत्र आलं एवढ्यावर म्हातारा खूश.

एकदा मी नांदेडला निघाले होते तर तेही बरोबर आले. तिथं जुन्या भागात सायकल दुरुस्तीचं दुकान असलेले एक युसूफ आहेत, असं त्यांना कळलं होतं. आम्ही गल्लीत शिरलो. अप्पांचं धोतर, कपाळावर पट्टे, आणि आवाज कंडक्टरचा. पहिल्याच घरापाशी उभे राहून ओरडले, "इथं युसूफ कोण हाय?"

गल्ली अशी चिडीचूप झाली म्हणता! खिडकीतली एक बाई आत सरली. दुकानातला माणूस, असेल पन्नाशीचा, हातातली हवेची नळी तशीच धरून उभा राहिला. चेहऱ्यावरचा रंग उडालेला. "मीच. कामून? काय झालं?" त्याच्या मागून त्याची बायको आली आणि नवऱ्याच्या पुढं उभी राहिली. मला तेव्हा लख्ख कळलं, की कपाळाला गंध लावलेला परका माणूस गल्लीत येऊन आपलं नाव घेतो, याचा या लोकांना आजकाल काय अर्थ वाटतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अप्पांच्याही ते ध्यानात आलं. त्यांनी कोपरीच्या खिशातून आधार कार्ड काढलं आणि दोन्ही हातांनी त्या बाईच्या पुढं धरलं.

तिनं वाचलं. फोटो बघितला, अप्पांच्या कपाळाकडं बघितलं, परत वाचलं. मग नवऱ्याला म्हणाली, "अजी, ये भी तुमच हैं! युसूफ!"

युसूफभाई हसायला लागले ते थांबेनात. डोळ्यातून पाणी येईपर्यंत हसले. म्हणाले, "अप्पा, जान निकल गई थी मेरी!" अप्पांनी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, "माफी करा. माज्या ध्यानातच न्हाई आलं. मला वाटतं, हे नाव घेतलं की समद्यांना बरंच वाटत आसंल." युसूफभाईंनी स्टूल पुसून दिलं. चहा झाला, भजी झाली, आणि नाव कुणी ठेवलं त्याची चौकशी झाली. त्यांच्या नानीनं ठेवलं होतं. येताना गाडीत अप्पांनी वहीत त्यांचं नाव लिहून घेतलं. मग म्हणाले, "आपल्या नावाच्या माणसाला आपल्याला बगून भ्या वाटलं बाई."

दुसरे एक होते योसेफ गुरुजी. उदगीरकडचे म्हातारे ख्रिस्ती मास्तर, अप्पांच्याच वयाचे. ते जाडजूड मराठी बायबल उघडून अप्पांना वाचून दाखवायचे आणि अप्पा मांडी घालून पोथी ऐकावी तसे ऐकायचे. त्यात एक जागा आहे. योसेफाची आई राहेल, तिला कितीतरी वर्षं मूल नव्हतं. शेवटी हा झाला तेव्हा ती म्हणाली, देव मला आणखी एक देवो, आणि म्हणून त्याचं नाव योसेफ ठेवलं. गुरुजींनी सांगितलं, की नावाचा अर्थच तो, आणखी देणारा. अप्पा म्हणे त्यावर ढसाढसा रडले. तीन लेकरं पुरून आलेली त्यांची अव्वा, तिला कुठला हा अर्थ माहीत असणार? पण तिनंही त्या दर्ग्यावर तेच मागितलं होतं.

आता अप्पांच्या मुलाविषयी. त्याला वाईट म्हणू नका. आपल्याकडं बापाचं नाव पोराच्या नावाच्या मधोमध बसतं, जन्मभर. शाळेत हजेरीला पूर्ण नाव पुकारलं की वर्गात खसखस पिकायची. पुढं पुण्यात नोकरीला होता तेव्हा भाड्याचं घर बघायला गेला की लोक आधी गोड बोलायचे, मग कागद बघून म्हणायचे, "जागा दिली हो दुसऱ्याला." तो कंटाळून लातूरला परत आला आणि त्यानं खतं-बियाणांचं दुकान टाकलं. बापावर जीव होता. त्यांची औषधं, त्यांचा चष्मा, सगळं तो बघायचा. पण नकाशाच्या खोलीत मी त्याला कधी पाऊल टाकताना पाहिलं नाही. अप्पांनी युसूफचं काही काढलं की हा उठून दुकानात जायचा.

गौरीचं लग्न ठरलं. मुलगा निलंग्याकडचा, ओंकार, अमेरिकेत कॉम्प्युटरवाला. घराणं मोठं. आठवड्याभरानं अप्पांचा मुलगा वर माझ्याकडं आला, खुर्चीच्या टोकावर बसला. "बाई, तुम्ही अप्पांना समजावून सांगा. पत्रिकेत त्यांचं पाळण्यातलं नाव घालतो. शिवलिंगअप्पा. खोटं तर नाही ना ते?"

"व्याह्यांनी काही म्हटलं का?"

"ते कशाला म्हणतील? पण पत्रिका शंभर गावांत जाणार. लोक फोटो काढून ग्रुपवर टाकतात. दिवस कसे आहेत तुम्हाला माहीत आहे. माझ्या पोरीच्या लग्नात तरी हा विषय नको हो. मी पन्नास वर्षं काढली याच्यात."

माझा पारा चढला होता, पण त्याचा चेहरा बघून उतरला. मी म्हटलं, तुमच्या बापाला तुम्हीच सांगा. त्यानं सांगितलं नाही. सरळ छापूनच आणलं.

पत्रिका आली त्या दिवशी अप्पांनी मला खाली बोलावलं. गौरी पुण्याला होती, तिला फोटो बघून कळलं आणि ती फोनवर बापाशी कडाकडा भांडली होती. पण पत्रिका छापून झाली होती. अप्पांनी ती गुडघ्यावर ठेवली होती. "शिवलिंगअप्पा यांची नात" या ओळीवर बोट.

"रागावलात?" मी विचारलं.

"राग न्हाई. भ्या वाटून राहिलं," अप्पा म्हणाले. आणि मग जे नऊ वर्षांत कधी बोलले नव्हते ते बोलले. अव्वानं त्यांना बोलता येऊ लागलं तेव्हापासून बजावलं होतं, की शिवलिंग म्हणून कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही. पहिली तीन लेकरं ज्यानं नेली तो शिवलिंगला हुडकत येणार. तो दारात येऊन हाका मारील. आपण ओ द्यायची नाही, म्हणजे तो म्हणेल, इथं शिवलिंग राहत नाही, इथं कोण युसूफ राहतो. मरताना सुद्धा अव्वानं त्यांचा हात धरून हेच घोकून घेतलं होतं.

"मला कळतंय बाई, आसं काय नसतंय. मी शिकलेला माणूस हाय. पर अव्वाला शब्द दिलाय. आन् आता हे हजार कागदावर छापून गावोगाव वाटणार. घराच्या पत्त्यासगट."

ऐंशीच्या घरातला म्हातारा. त्याला हसावं का त्याला जवळ घ्यावं, मला कळेना. मी म्हटलं, "मुलाला सांगा की हे."

"नगं. त्येनं लई सोसलंय माज्या नावापायी. लेकीच्या लग्नात त्येचा जीव खाली-वर कामून करू?" आणि मग एकदम त्यांचा चेहरा खुलला. बोट खाली सरकवून म्हणाले, "पर तुमी हे बगा की!"

नवऱ्या मुलाच्या नावाखाली, जाड सोनेरी अक्षरात, गौरीच्या बापानं मोठ्या हौसेनं घातलेलं गाव: सॅन होजे, अमेरिका.

मी नकाशाकडं बघितलं. अमेरिकेच्या डाव्या अंगाला तो गोल मी नऊ वर्षं बघत होते. संत योसेफाच्या नावाचं गाव. पोरानं बापाचं नाव पत्रिकेतून काढलं आणि खाली सोनेरी अक्षरात छापून आणलं! अप्पा पोट धरधरून हसले, मलाही हसू आवरेना. मग त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं. "त्येला सांगू नगा. वाईट वाटंल त्येला." ज्याच्यावर रागवायचं त्याचीच काळजी. असा माणूस.

ती पत्रिका अप्पांनी एकाही घरी नेली नाही. त्यांच्या नावाच्या माणसांना ते स्वतः एसटीनं जाऊन हातात अक्षता देऊन आले. "पत्रिका न्हाई, अक्षता घ्या आन् या," एवढंच म्हणाले.

लग्न लातूरच्याच एका मंगल कार्यालयात, भर दुपारी. अक्षता पडल्या, जेवणाच्या पंगती सुरू झाल्या. नांदेडहून सायकलवाले युसूफभाई बायकोसकट आले होते, योसेफ गुरुजी काठी टेकत आले होते. माहूरच्या गडाखाली बांगड्या विकणारे एक युसूफ गौरीसाठी हिरव्या चुड्याचं खोकं घेऊन आले होते. हे तिघं मांडवात मधल्या रांगेत, त्यांच्यामध्ये अप्पा, आणि अप्पांच्या शेजारी मी. मुलगा लांबून हे बघत होता. तोंडानं काही म्हणाला नाही, पण घाम पुसत होता.

मग आपल्याकडचा तो टॉवेल-टोपीचा कार्यक्रम. नात्यातलेच एक मास्तर माईकवर यादी वाचत होते. एकेकाचं नाव पुकारायचं, तो स्टेजवर जायचा, त्याला टोपी घालायची, फोटो. मामा झाले, काका झाले. "आता वधूचे आजोबा, आदरणीय शिवलिंगअप्पा!"

कुणी उठलं नाही.

"शिवलिंगअप्पा, कृपया स्टेजवर यावं!"

लोक माना वळवून बघायला लागले. मी अप्पांना कोपरानं ढोसलं, "अप्पा, तुम्हाला बोलवून राहिलेत." आणि त्यांच्याकडं बघितलं. अप्पांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते. दोन्ही हातांनी गळ्यातली लिंगाची डबी धरली होती. ओठ पुटपुटत होते. मी कान जवळ नेला तर म्हणत होते, "मी न्हाई. तो इथं ऱ्हात न्हाई." कर्णा कार्यालयाच्या छतावर होता, अर्ध्या लातूरला ऐकू जात होतं.

"शिवलिंगअप्पा! आहेत का मांडवात?" तिसऱ्यांदा.

स्टेजवर व्याही उभे होते, फेटा बांधलेले. ते अप्पांच्या मुलाला म्हणाले, माईक जवळ असल्यामुळं सगळ्यांनाच ऐकू आलं, "आवो, कुणाला पुकारून राहिले हे? आपले अप्पा तर युसूफअप्पा न्हवं का? आमी पोरगी बगायला आलो, तुमी फळं आणायला गेलता, तवा दीड तास नकाशा दावलाय त्यांनी आमाला. आमचं पोरगं ऱ्हातंय ते गावबी त्यांच्याच नावाचं निघालं म्हणा की!"

मुलगा जागच्या जागी उभा राहिला. व्याही हसत होते. त्यांना यात वावगं काही वाटलंच नव्हतं, आणि यानं त्यांना विचारलंच नव्हतं. मला त्याचा राग यायला हवा होता. पण त्याचे कान लाल झालेले, हातात घडी केलेली शाल, आणि तो पाचवीतल्या पोरासारखा खाली मान घालून उभा. मला त्याची कीव आली.

गौरी खुर्चीतून उठली. मुंडावळ्या बाजूला सारल्या आणि मास्तरांच्या हातातून माईक घेतला. मैत्रिणी मघापासून उखाण्यासाठी मागं लागल्या होत्या, त्या आरडाओरडा करायला लागल्या, "नाव घे, नाव घे!" गौरीनं कुणाकडं बघितलं नाही. सरळ मधल्या रांगेकडं बघून, खणखणीत आवाजात म्हणाली,

"महादेवाच्या पुढं समईत लावली वात,
ओंकाररावांचं नाव घेते, युसूफअप्पांची नात!"

अप्पांचे डोळे उघडले. शाळेत हजेरीला पोरं उठतात तसे ते ताडकन उभे राहिले, खुर्चीला टेकवलेली त्यांची काठी खाली पडली, आणि साऱ्या मांडवाला ऐकू जाईल अशी ओ दिली. "ओ! आलो, आलो!"

एका बाजूनं युसूफभाईंनी हात धरला, दुसऱ्या बाजूनं मी. माझ्या डोळ्यांपुढचं सगळं भिजून गेलं होतं, पायऱ्या दिसेनात. पायऱ्यांपाशी मुलगा स्वतः खाली उतरून आला आणि त्यानं बापाचा हात माझ्याकडून घेतला. अप्पा त्याला म्हणाले, "आसू दे रं, आसू दे." वर गेल्यावर त्यानं शाल लगेच अप्पांच्या अंगावर घातली नाही. आधी मास्तरांकडं वळला. "मास्तर, परत एकदा पुकारा," तो म्हणाला. "नीट नावानं."

मास्तरांनी घसा खाकरला. "वधूचे आजोबा, आदरणीय युसूफअप्पा!"

अप्पा तेव्हा त्यांच्या पुढ्यातच, माईकपासून हातभर अंतरावर उभे होते, तरी त्यांनी परत तितक्याच जोरात ओ दिली.